छोटाच आण, आई

४ तारीख, सोमवार

शंभर तासांचा आणला, तर म्हणते परत कर!

भर उन्हात दोन बस बदलून गेले होते. त्या गेमच्या दुकानात माझ्या वयाचं दुसरं कोणी नव्हतं. सगळी पोरं कानात बोंडं घालून उभी. दुकानदार चष्मेवाला, दाढी वाढवलेला, पण बोलायला बरा. त्यानं मला स्टूल दिलं आणि विचारलं, "मावशी, किती तासांचा दाखवू?" म्हटलं, खेळ काय तासावर विकता? तर म्हणे, "अहो, लोक आधी तेच विचारतात. किती तास चालतो आणि तेवढ्यात पैसे वसूल होतात का." हे मला पटलं. मी जन्मभर इस्त्रीचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक आधी भाव विचारतं, घडी नंतर बघतं. म्हटलं, मग सगळ्यात लांबलचक असेल तो काढ. त्यानं काढला. शंभर तास! घोडे, राजवाडे, लढाया — काय नाही त्यात! मी भाव पाडून घेतला. वर एक पिशवी फुकट घेतली.

घरी येऊन लेकीच्या उशाशी ठेवला. वाटलं, खूष होईल. तिनं डबी उलटी केली, मागचं बारीक वाचलं. थोडा वेळ त्या डबीवर नुसत्या टिचक्या मारत बसली. मग म्हणाली, "आई, हा परत कर. छोटा आण."

छोटा! हातात आलेला एवढा माल सोडून कमी घ्यायचा! आजारपणात माणसाचा हिशेबही जातो का?

नात म्हणाली, "अगं आई, पण हा खूप भारी आहे." तिलाही तेच. "छोटाच."

चार शब्द सुनावणार होते. पण तिच्या डोक्यावरचा रुमाल सरकला होता. केस गेल्यापासून ती तो कुणाला सरकू देत नाही. नीट करून दिला आणि गप्प बसले. न बोललेलं पोटात ठेवायची मला सवय नाही, म्हणून इथं लिहितेय. चार इयत्ता शिकले त्याचा एवढा तरी उपयोग.

५ तारीख, मंगळवार

परत केला. पुन्हा दोन बस.

दुकानदार म्हणाला, "मावशी, डबी फोडली नाही म्हणून घेतोय हं." मग विचारतो, "छोटा म्हणजे किती छोटा?" मला काय ठाऊक? ते तिनं सांगितलंच नव्हतं. म्हटलं, आजारी माणूस आहे. पडून असते, हात लवकर दमतात. पोरीबरोबर खेळायचंय तिला. त्यानं मागच्या फळीवरून एक डबी काढली. "हा घ्या. दोघांनी मिळूनच खेळायचा. एकट्याला चालतच नाही. सहा तासांत संपतो."

आणि किंमत? जवळजवळ तीच!

म्हटलं, "शंभर तासांनाही हेच आणि सहा तासांनाही हेच? मधलं कापड तू कापून ठेवलंस काय?" हसला. "मावशी, सगळ्यांची तीच तक्रार आहे. पण खेळून झाल्यावर परत द्यायला कोणी आलेलं नाही." म्हटलं, खेळून झाल्यावर परत घ्यायला तू बसलायस होय!

घेतला. नाइलाजानं. पिशवी मात्र कालचीच वापरली.

६ तारीख, बुधवार

खेळ कसला आहे ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं मलाच खरं वाटायचं नाही. दोन बाहुल्या. एक लाकडी कपाट. एकीनं पुढून धरायचं, दुसरीनं मागून, आणि डोंगर चढायचा. माथ्यावर घर आहे म्हणे, तिथं कपाट पोचवायचं. झालं! हाच खेळ! असली कामं आम्ही फुकट केली, वर पाठ धरली ती वेगळी. आता लोक पैसे देऊन करतात.

एकीनं हात सोडला की कपाट खाली जातं आणि दोघींना मागच्या दगडापासून पुन्हा यावं लागतं. लेक पुढं, नात मागं. नातीला घरात मुंगी म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती. आता आठवीत आहे, माझ्या कानाला लागते, पण नाव तेच राहिलं.

"आई, डावीकडे! तुझं डावीकडे नाही, माझं डावीकडे!"

"तुझं-माझं वेगळं कधीपासून झालं ग?"

हसल्या दोघी. लेक हसली की तिला खोकला येतो. खोकत होती तरी हसत होती. डॉक्टरांनी सांगितलंय, आता दवाखान्यात सारखं आणू नका, घरीच ठेवा, मन रमवा. दवाखाना सुटला ही चांगलीच खूण म्हणायची.

जावई दारात उभे राहून बघत होते. लिफ्ट दुरुस्तीचं काम त्यांचं. एक पाय आत टाकला न टाकला तोच फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत कोणी अडकलं होतं. गेले.

७ तारीख, गुरुवार

कपाटात काय असेल यावर मायलेकींची पैज लागली. लेक म्हणते, कपडे. मुंगी म्हणते, खजिना. मला विचारलं. म्हटलं, झुरळं.

९ तारीख, शनिवार

आज मीच कुरापत काढली. मुंगी शिकवणीला गेली होती. लेकीच्या पायाला तेल लावता लावता म्हटलं, "सांग तरी, शंभर तासांचा का नको होता? पैसे माझे, पायपीट माझी. तुला काय टोचत होतं?"

तिनं उशीखालून गोळ्यांची पट्टी काढली. आजारी पडेपर्यंत ती औषधांच्या दुकानात कामाला होती. गल्ल्यामागं उभं राहून अर्धं आयुष्य गेलं तिचं.

"या नव्या गोळ्या बघितल्यास?"

"बघितल्या की. लहान आहेत. गिळायला बऱ्या."

"या बरं करायच्या नाहीत ग, आई. दुखू नये म्हणून देतात. आमच्या दुकानात या न्यायला कोणी आलं ना, की आम्ही सुट्ट्या पैशांसाठी त्याला ताटकळत ठेवायचो नाही."

म्हटलं, "डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का? गल्ल्यावर बसून कोणी डॉक्टर होत नाही!" असं बोलले. आजारी लेकीला. माझं तोंड हे असं.

ती रागावली नाही. म्हणाली, "शंभर तासांचं काही आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला पोरीबरोबर एक तरी गोष्ट शेवटपर्यंत न्यायची आहे. अर्धी टाकायची नाही. म्हणून छोटा."

तेलाची वाटी घेऊन मोरीत गेले. धुतली. स्वच्छ झाली, तरी धूतच बसले.

दवाखाना सुटला तर मी खूष झाले होते! वेडी ती वेडी.

संध्याकाळी जावयांना विचारलं. त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. आम्हाला का सांगितलं नाही म्हटलं, तर बुटाची नाडी सोडत बसले. आधीच सुटलेली नाडी!

मुंगीला काही ठाऊक नाही. निदान आम्ही तिघं तसं धरून चाललोय.

१० तारीख, रविवार

आज दुखणं फार. खेळ नाही.

११ तारीख, सोमवार

आज पुलापाशी आल्या. दोन कड्यांच्या मध्ये एकच फळी, खाली धो-धो पाणी. तिरकं होऊन, पाय मोजून जायचं. पूल ओलांडला की घर दिसतं आणि मग खेळ संपतच आला म्हणे. पडल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा पडल्या. कितीदा ते मोजलं नाही. मलाच खाली बघून गरगरायला लागलं.

लेक म्हणाली, "माझ्यामुळंच पडतंय. बोटं धरत नाहीत माझी."

मुंगीनं टीव्ही बंद केला.

१२ तारीख, मंगळवार

पूल. पाणी. पूल. पाणी.

खेळता खेळता दम खायला थांबल्या, तेव्हा मुंगीनं मोबाइलवर लोकांची मतं वाचून दाखवली. खेळावर मतं देणारी माणसं असतात म्हणे, तोच त्यांचा धंदा! एकानं लिहिलंय, सहा तासांत उरकतो, फसवणूक आहे. दुसरा म्हणतो, खेळ गोड आहे पण या किमतीला निदान वीस तास हवे होते. तिसऱ्यानं लिहिलंय — आत्ता घेऊ नका, थांबा, काही महिन्यांनी भाव उतरेल तेव्हा घ्या.

मुंगीचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला.

मग लेक म्हणाली, "थांबणाऱ्यांनी थांबावं. चल, उचल कपाट."

उचललं. पडलं.

झोपायच्या आधी माझ्याकडून बोटं चोळून घेतली. एकेक बोट. म्हणाली, "उद्या जोर येईल बघ." तिची बोटं पूर्वी कशी होती! नोटा मोजायला लागली की गिऱ्हाईक नोटा सोडून बोटांकडं बघायचं. आता अंगठी दोरा गुंडाळून बसवलीय.

१३ तारीख, बुधवार

आज जे बघितलं ते कुणाला सांगू?

दुपारी गोळी घेऊन लेकीला झोप लागली. मी बाहेर कपडे काढायला गेले, परत आले तर टीव्ही चालू, आवाज बंद. मुंगी जमिनीवर बसलेली. दोन्ही रिमोट तिच्याकडं. (त्याला कंट्रोलर म्हणायचं असतं. मी रिमोटच म्हणणार.) एक डाव्या हातात, एक उजव्या. दोन्ही बाहुल्या एकटी चालवत होती. पुलावर आली, कपाट तिरकं केलं, आणि सरळ पलीकडं! एकदाही न डगमगता. जशी रोज त्याच वाटेनं शाळेला जाते.

पलीकडं घर दिसलं. लाल कौलं, धुराडं, धूर. मुंगी बघत बसली त्याच्याकडं. मग तिनं कपाट फिरवलं, पुन्हा पुलावर आणलं आणि मुद्दाम — माझ्या डोळ्यांदेखत, मुद्दाम! — दोन्ही हात सोडले. गेलं पाण्यात. बाहुल्या पुन्हा मागच्या दगडापाशी. टीव्ही बंद केला, आईचा रिमोट आईच्या पांघरुणावर जसाच्या तसा ठेवला.

मी दाराआडच राहिले, हातात ओले-सुके कपडे.

आधी डोकं फिरलं. माझी लेक आपल्या बोटांना दोष देत झोपते, आणि ही कार्टी तिला रोज पाण्यात पाडते! दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

मग कळलं. तिलाही सगळं ठाऊक आहे. आम्ही तिघंच तेवढे शहाणे.

१४ तारीख, गुरुवार

जावयांना जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी कठड्याला धरलं.

"मी काय करू, आई?"

"तिच्याजवळ बसा. दुसरं काय करायचंय?"

"मला बघवत नाही हो."

"बघवत कुणाला आहे? मला तर दोघींना बघायचंय, आणि वर तुम्हाला!"

फोन वाजला. तो हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हातारे गृहस्थ आहेत. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबलीय. घाबरलेत."

"घरातही माणसं अडकलीत, जावईबापू. त्यांच्याकडं तुमचा नंबर नाही एवढंच."

गेले ते गेलेच. मी फार बोलले का? बोलले. परत घ्यायचं नाही त्यातलं काही. त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते मात्र विचारायला हवं होतं.

आजही पूल, आजही पाणी. लेकीनं रिमोट आपणहून खाली ठेवला. म्हणाली, "मुंगे, तू मैत्रिणीबरोबर खेळ आता. मी उगाच तुला मागं ओढतेय."

मुंगीचं तोंड पांढरं पडलं.

१५ तारीख, शुक्रवार

स्वयंपाकघरात लेकीचे गाऊन इस्त्री करत होते. इस्त्रीचा कपडा अंगाला मऊ लागतो, टोचत नाही. मुंगीला म्हटलं, ये, घड्या घाल. आली. घड्या वाकड्या घालते, पण घालते.

"परवा दुपारी मी बघितलं."

घडी घालायची थांबली.

"पूल येतो तुला."

तिनं घातलेली घडी मोडली.

"आई म्हणते तिचे हात गेले. रोज बोटं चोळून घेते. का, तर पोरीला आपल्यामुळं त्रास नको."

"मला नव्हतं ग माहीत ती असं..." ओठ चावला. "आजी, पुलापलीकडं फक्त एक चढ आहे. मग संपतो."

"संपू दे."

"आणि मग?"

"मग रडायचं. पोटभर. तेव्हाचं तेव्हा. आत्तापासून कशाला आईच्या बोटांवर काढतेस?"

ती रडायलाच लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गाऊनमध्ये तोंड खुपसून. आत्ताच इस्त्री केलेला! मी काही जवळ घेतलं नाही. मला ते जमत नाही, आणि इस्त्री तापलेली होती. नळ सोडला तेवढा, आवाज झाकायला.

नाक पुसून म्हणते, "तू रडणार?"

"मी? मला वेळ कुठाय!"

जरा हसली. गाऊनवर पुन्हा पाणी मारून इस्त्री केली.

१६ तारीख, शनिवार

संपला.

सकाळी लेक नको म्हणत होती. मुंगी म्हणाली, "एकदाच. शेवटचं. नाही झालं तर सोडून देऊ." पाठीमागं दोन उश्या लावल्या. पुलावर आल्या. मुंगी कधी नव्हे ती मोठमोठ्यानं सांगत होती — "आई, थांब. आता पाय. आता थांब. आता पाय." लेकीचा अंगठा थरथरत होता. मुंगी मागून सांभाळून घेत होती. कपाट कललं, मी "अगं अगं" म्हणून ओरडले, सावरलं, आणि पलीकडं!

लेक म्हणाली, "बघ! आला ना जोर! आई, तुझं चोळणं लागू पडलं."

म्हटलं, "पडणारच."

मुंगीनं माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं बघितलं.

चढ काही संपता संपेना. लेक मध्ये मध्ये डोळे मिटायची, मग दोन्ही बाहुल्या कपाट टेकवून उभ्या राहायच्या. कोणी घाई केली नाही. खेळानंही केली नाही, तेवढं त्याचं कौतुक. शेवटी घर आलं. दार आपोआप उघडलं. कपाट भिंतीला लावलं. आणि कपाटाचं दार उघडलं — तर आत काही नाही!

"रिकामं!" मी ओरडले. "एवढा डोंगर चढून रिकामं कपाट? यासाठी एवढे पैसे? उद्याच्या उद्या जाऊन त्या चष्मेवाल्याची—"

लेक हसायला लागली. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच होती. कित्येक दिवसांत अशी हसली नव्हती. "अगं आई, कपाट हलवताना रिकामंच नेतात. सामान नंतर भरायचं असतं."

त्या दोन बाहुल्यांनी अंगातले कोट काढले, कपाटात अडकवले आणि दारात जाऊन पायरीवर बसल्या. एवढाच शेवट. मग ज्यांनी खेळ बनवला त्यांची नावं वर जायला लागली. आम्ही तिघींनी सगळी वाचली. कुणालाच टीव्ही बंद करायचा नव्हता.

नावं संपली. पडदा काळा झाला. मी मुंगीकडं बघत होते, आता ही फुटणार. तेवढ्यात लेक म्हणाली —

"मुंगे, पुन्हा सुरू कर."

१७ तारीख, रविवार

पुन्हा सुरू कर म्हणाली! जिला एकच गोष्ट शेवटाला न्यायची होती, तिनं दुसऱ्यांदा सुरू केली! मरणारं माणूस असं करतं का? डॉक्टर काय देव आहेत? त्यांच्याही चुका होतात. सकाळी अर्धी वाटी भात जास्त खाल्ला तिनं. मी बघितलं. आज घर पुसताना गुणगुणत होते. मुंगी म्हणाली, "आजी, तुला गाता येतं?" म्हटलं, हे गाणं नाही, घसा मोकळा करतेय.

या वेळी बाजू बदलल्यात. लेक मागं, मुंगी पुढं. मुंगी म्हणाली, मला पुढचं येत नाही. लेक म्हणाली, "मी बघितलाय ना रस्ता. मी मागून धरते. तू पुढं हो."

सहा तासांचा खेळ दोनदा खेळला की बारा तास. तेवढ्याच पैशांत. हे त्या मतं देणाऱ्यांना कुणी शिकवलं नाही वाटतं.

१९ तारीख, मंगळवार

डोंगराच्या मध्यापर्यंत आल्या. लेकीला रिमोट हातात धरूनच झोप लागली. मुंगीनं कपाट टेकवून ठेवलं.

२० तारीख, बुधवार

नाही खेळल्या.

२१ तारीख, गुरुवार

नाही.

भाताची वाटी तशीच परत आली. अर्धी वाटीच काय, चमचाभरसुद्धा नाही. मी रविवारी गुणगुणत होते! माझ्या तोंडाला आग लागो.

२२ तारीख, शुक्रवार

मुंगीनं रिमोट तिच्या हातात दिला आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. टीव्ही बंदच होता. तशाच बसल्या होत्या दोघी.

जावई आज कामावर गेले नाहीत. पण खोलीतही आले नाहीत. दाराबाहेर स्टूल घेऊन बसले होते. भिंतीच्या या बाजूला ती, त्या बाजूला ते.

२३ तारीख, शनिवार

गेली. दुपारी. मी भांड्यात पाणी भरत होते. मुंगीनं हाक मारली. मला नाही, तिला.

२८ तारीख, गुरुवार

माणसं येऊन गेली. घर भरलं, पुन्हा मोकळं झालं. शेजारीण म्हणाली, "सुटली हो बिचारी." म्हटलं, सुटायला ती काय कुठं अडकली होती? आपल्या घरात होती, आपल्या पोरीबरोबर. ती शेजारीण पुन्हा आली नाही.

आज लेकीच्या मोबाइलवर त्या दुकानातून निरोप आला. मी तिचाच नंबर दिला होता. मुंगीनं वाचला — आपण घेतलेला खेळ कसा वाटला? किती वेळ खेळलात? पैसे वसूल झाले का?

मुंगी म्हणाली, "पुसून टाकू?" म्हटलं, का पुसायचं? विचारलंय तर सांगू. लिही.

लिही — सहा तास म्हणून दिलात. आम्हाला दोन आठवडे पुरला. त्यातले बरेच दिवस तो बंदच होता, तेही धरून.

लिही — किंमत जास्त आहे. अजूनही म्हणते, जास्त आहे.

लिही — शेवटी कपाट रिकामं निघतं. हे डबीवर आधी छापा, म्हातारी माणसं दचकतात.

लिही — भाव उतरेपर्यंत थांबा म्हणणाऱ्याला आमच्याकडं पाठवून द्या. मला त्याच्याशी जरा बोलायचंय.

"आजी, पैसे वसूल झाले का, याला हो किंवा नाही एवढंच दाबायचं असतं."

हो म्हणावं, तर तो चष्मेवाला समजायचा म्हातारी खूष झाली. नाही म्हणावं, तर ती हसली होती त्याचं काय करायचं? जन्मभर मी मापं घेतली — इतके कपडे, इतके पैसे. इथं कुठली बाजू कुठल्या बाजूला लावायची तेच समजेना. बोलणंच बंद पडलं. माझं! मुंगी घाबरून बघायला लागली. तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि इस्त्रीचे कपडे घेऊन घड्या घालायला बसली. सरळ घातल्या आज.

मग रडले. वेळ काढला.

२ तारीख, मंगळवार

मुंगीनं आज टीव्ही लावला. अर्ध्या डोंगरात कपाट टेकवलेलं, दोन्ही बाहुल्या तशाच उभ्या. एकटीनं दोन हातांनी चालवता येतं तिला, मी बघितलंय. पण तिनं दुसरा रिमोट उचलला नाही. पडद्यावर काहीतरी अक्षरं आली. "काय म्हणतंय ग?" "विचारतंय, दुसरा खेळाडू आहे का?" आणि माझ्याकडं बघत बसली. माझी बोटं अजून चालतात. घेऊ शकते मी. घेणार नाही. जावई दारात पायात बूट चढवत होते. म्हटलं, "बूट काढा. आत या. कपाट मागून धरायचं असतं, पोरगी सांगेल कसं. आणि ते पडद्यावर विचारतंय ना, त्याचं उत्तर मी द्यायचं नाही, तिनं द्यायचं नाही. जावईबापू, तुम्ही द्यायचं."